सभागृहांतील शिस्त व अध्यक्षाचें आसन

आपल्या शाळेच्या वादविवाद मंडळांत दर वर्षीं एक तक्रार ऐकूं येते. समोरच्या बाकावरील प्रतिपक्षी आपल्या म्हणण्याची टर उडवीत असतां त्यास सरळ उत्तर न देतां 'अध्यक्षमहाराज' असें म्हणून तिसऱ्याच माणसाकडे तोंड करावें लागतें, हें पुष्कळांस नाटकी वाटतें. घंटा वाजली कीं बसावयाचें, परवानगीवांचून उठावयाचें नाहीं, हा सर्व वर्गांतील शिस्तीचाच एक प्रकार आहे, असाहि कित्येकांचा समज असतो. तो समज बरोबर नाहीं. वर्गांत शिस्त लावणारा शिक्षक हा शिकणारांपेक्षां वयानें वडील व अधिक जाणता असतो. कायदे करणाऱ्या सभागृहांत सारे सभासद दर्जानें सारखे. त्यांच्यांतीलच एकास त्यांनीं निवडून उंच आसनावर बसविलेलें. त्याच्यापाशीं ना छडी, ना फौज. असें असतां एकमेकांच्या राजकारणाचा मनापासून तिरस्कार करणारीं पांचसहाशें माणसें त्याच्या एका शब्दासरशीं खालीं बसतात. कधीं कधीं बसत नाहींत, हेंहि खरें. तीं कां बसतात आणि कां बसत नाहींत, एवढेंच या लेखांत पाहावयाचें आहे.

प्रथम त्या 'अध्यक्षमहाराज' या संबोधनाचाच विचार करूं. इंग्लंडच्या कॉमन्स सभेंत सभासद दुसऱ्या सभासदास उद्देशून 'तुम्ही' असें म्हणूं शकत नाहीं. 'तुम्ही' या शब्दाचा अर्थ तेथें स्पीकर, म्हणजे सभेचा अध्यक्ष, असाच होतो. दुसऱ्याचा उल्लेख करावयाचा तो 'अमक्या मतदारसंघाचे सन्माननीय सभासद' असा तृतीय पुरुषांत. त्या सभागृहाच्या गालिचावर दोन्हीं बाजूंच्या बाकांपुढें एकेक तांबडी रेघ विणलेली आहे, व बोलतांना सभासदानें ती ओलांडावयाची नसते. दोघांच्या हातांत उपसलेल्या तरवारी असल्या तरी एकमेकांस लागूं नयेत एवढें अंतर त्या रेघांमध्यें ठेविलेलें आहे, असें परंपरा सांगते. तरवारी गेल्या, रेघा राहिल्या. आपल्या लोकसभेंतहि भाषण अध्यक्षांसच उद्देशून करावें लागतें. याचें मर्म मराठी बोलणारास तरी समजावयास कठीण पडूं नये. 'तूं खोटें बोलतोस' असें म्हटल्यावर पुढचें वाक्य तोंडानें येईल कीं हातानें, याची खात्री नसते. 'सन्माननीय सभासदांनीं दिलेली माहिती वस्तुस्थितीस धरून नाहीं' असें म्हणावयाचें झालें म्हणजे वाक्य पुरें होईपर्यंत अर्धा राग ओसरतो, आणि उरलेला अर्धा पुराव्याकडे वळतो. अध्यक्ष मध्यें असतो तो याचसाठीं.

आतां 'स्पीकर' या नांवाविषयीं. त्याचा अर्थ 'बोलणारा' असा आहे, आणि वस्तुतः सभागृहांत सर्वांत कमी बोलणारा मनुष्य तोच. हें नांव पडलें तें निराळ्या कारणानें. सभेचें म्हणणें राजाच्या कानावर घालण्यास एक मुखत्यार लागे, आणि १३७७ सालीं सर टॉमस हंगरफोर्ड याच्यापासून त्यास स्पीकर म्हणूं लागले. हें काम सुखाचें नव्हतें. सर टॉमस मोर हा १५२३ सालीं स्पीकर झाला तेव्हां त्यानें आठव्या हेन्री राजाजवळ सभासदांस निर्भयपणें बोलूं द्यावें अशी याचना केली. पुढें १५३५ सालीं त्याच राजाच्या कारकीर्दीत त्याचा शिरच्छेद झाला. स्पीकर झालेल्या आणखीहि कांहीं जणांस जुन्या काळीं असेंच मरण आलें. नव्या अध्यक्षास दोन सभासद हात धरून आसनाकडे नेतात व तो अनिच्छेचें सोंग करतो, ही जी कॉमन्स सभेंतील गंमतीची चाल, तिच्या मुळाशीं एके काळचें खरेंखुरें भय आहे, असें सांगतात.

राजाचा माणूस कीं सभेचा माणूस, हा प्रश्न सतराव्या शतकांत सुमारें तेरा वर्षांच्या अंतरानें दोनदां उभा राहिला. २ मार्च १६२९ रोजीं स्पीकर फिंच हा पहिल्या चार्लस राजाच्या आज्ञेवरून सभा तहकूब करण्यासाठीं उठूं लागला. सभासदांस ठराव करावयाचे होते. दोघांनीं त्यास धरून खुर्चींत दाबून बसविलें, दारें लावून घेतलीं व ठराव वाचले. तेथें अध्यक्ष होता, आसन होतें; अधिकार मात्र नव्हता, कारण हा आपला नव्हे हें सभेस कळून चुकलें होतें. ४ जानेवारी १६४२ रोजीं तोच राजा शिपायांसह सभागृहाशीं आला, आणि आंत शिरून पांच सभासद कोठें आहेत असें त्यानें स्पीकर लेंथल यास विचारिलें. लेंथल गुडघे टेकून म्हणाला कीं, ही सभा आज्ञा करील तेवढेंच पाहण्यास मला डोळे आहेत आणि तेवढेंच बोलण्यास जीभ. राजास रिकाम्या हातीं परत जावें लागलें. लेंथल हा कांहीं मोठा शूर पुरुष म्हणून प्रसिद्ध नव्हता. परंतु त्या क्षणापासून अध्यक्षाची निष्ठा कोणाकडे, हा प्रश्न त्या देशांत मिटला.

राजा मागें हटला. पण त्याच्या जागीं दुसरा एक धनी उभा राहिला, तो म्हणजे बहुमत. आजच्या अध्यक्षाची खरी परीक्षा येथें होते. त्यास निवडून देतो तो बहुमताचा पक्ष, आणि त्याच्या संरक्षणाची गरज असते ती अल्पमताच्या पक्षास. बहुमतवाल्यांस शेवटीं मत घ्यावयाचें असतें, अल्पमतवाल्यांस त्यापूर्वीं बोलावयाचें असतें; आणि अध्यक्षाची सारी शिस्त म्हणजे या दोन हक्कांमधील तराजू होय.

त्याच्या हातांतील साधनें पाहिलीं तर हें अधिक स्पष्ट होईल. कोणास बोलूं द्यावयाचें हें तो ठरवितो. वक्ता विषय सोडून भटकला किंवा तेंच तेंच पुनःपुन्हा सांगूं लागला, तर त्यास तो अडवितो. नियमभंग होत आहे असें वाटल्यास कोणीहि सभासद मध्येंच उठून हरकतीचा मुद्दा काढूं शकतो, व त्यावर अध्यक्षाचा निर्णय अखेरचा असतो. असभ्य शब्द तो परत घ्यावयास लावतो. आपल्याकडे तर तो शब्द कार्यवृत्तांतूनहि काढून टाकण्याचा अधिकार त्यास आहे. अध्यक्ष स्वतः उभा राहिला कीं बाकी सर्वांनीं बसावयाचें. एवढ्यानें भागलें नाहीं तर लोकसभेच्या नियमांपैकीं ३७३ व्या नियमान्वयें तो सभासदास त्या दिवसापुरतें बाहेर जाण्यास सांगतो. त्याहिपुढें ३७४ वा नियम: अध्यक्ष सभासदाचें नांव उच्चारतो. एरवीं 'सन्माननीय सभासद' असलेल्या माणसाचें उघड नांव घेणें हीच शिक्षेची सुरुवात! मग निलंबनाचा ठराव सभेपुढें येतो व सभा मत देते. ही शेवटची गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नांव घेतो अध्यक्ष, शिक्षा देते सभा. कॉमन्स सभेंतहि तसेंच. तेथें पहिल्या खेपेस पांच दिवसांचें निलंबन होतें, त्याच अधिवेशनांत दुसऱ्यानें नांव घेण्याची पाळी आली तर वीस दिवसांचें. आपल्याकडे २००१ सालीं ३७४-अ हा नवा नियम घालण्यांत आला. त्यान्वयें आसनासमोरच्या मोकळ्या जागेंत धांवून येऊन किंवा घोषणा देऊन कामांत अडथळा करणाऱ्याचें नांव अध्यक्षांनीं घेतलें कीं ठरावावांचूनच तो पांच बैठकींपुरता, किंवा अधिवेशनाचे त्याहून थोडे दिवस उरले असल्यास तेवढ्यांपुरता, आपोआप निलंबित होतो. काम जलद झालें खरें, परंतु सभेचें मत घेण्याची पायरी गळली. प्रस्तुत लेखकास ही सुधारणा संपूर्णपणें सुधारणा वाटत नाहीं.

सर्वांत शेवटचें साधन तहकुबी. गोंधळ अनावर झाला तर अध्यक्ष सभा थांबवितो. दिसण्यांत हें मोठें शस्त्र. पण गोंधळ करणारास कामकाज बंदच पाडावयाचें असेल तर तहकुबीनें त्याच्या मनासारखेंच होतें. निलंबनाचेंहि तसेंच. एका माणसाचें नांव घेतलें तर तो ओशाळतो. साठ जणांचें घेतलें तर कोणीच ओशाळत नाहीं. मार्च १९८९ मध्यें लोकसभेंतून एका दिवसांत ६३ सभासद निलंबित झाले. डिसेंबर २०२३ मध्यें लोकसभा व राज्यसभा मिळून ती संख्या १४६ वर गेली. दोन्हीं वेळां सत्तेवर निरनिराळे पक्ष होते, तेव्हां दोष एकाच पक्षाच्या माथीं मारून चालावयाचें नाहीं. आपल्या महाराष्ट्राच्या विधानमंडळांतहि अध्यक्षांपुढील राजदंड उचलून पळविण्याचे प्रकार एकाहून अधिक वेळां घडले आहेत. वस्तुतः राजदंड ही सभेच्या सत्तेची खूण, अध्यक्षाची खाजगी काठी नव्हे. ती पळविणारा आपलीच पगडी उडवितो.

नियमांचें वर्णन येथवर पुरे. नियमच नसेल तेथें अध्यक्षानें काय करावें, याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण १८८१ सालचें आहे. आयर्लंडांत जमिनीच्या प्रश्नावरून मोठी चळवळ चालू होती, आणि संशयावरून माणसास चौकशीशिवाय अटकेंत ठेवण्याचा अधिकार देणारें एक विधेयक सरकारानें आणिलें. कॉमन्स सभेंतील आयरिश सभासद थोडे होते, पण पार्नेल याच्या नेतृत्वाखालीं त्यांनीं एक गोष्ट हेरली होती: सभासदानें बोलत राहावें, आणि तो बोलत असतां मत घेतां येऊं नये, असा त्या सभेचा शतकानुशतकांचा शिरस्ता होता. सोमवार, ३१ जानेवारी रोजीं बैठक सुरू झाली. विधेयक मांडण्यास परवानगी द्यावी कीं नाहीं एवढाच प्रश्न होता. सोमवारची रात्र गेली, मंगळवार गेला, मंगळवारची रात्रहि गेली. एक आयरिश सभासद बसे, दुसरा उठे. कंटाळलेले लोक बाकांवर झोंपा काढीत. अध्यक्षाच्या खुर्चीवर पाळीपाळीनें माणसें बसत.

बुधवार, २ फेब्रुवारी रोजीं सकाळीं स्पीकर हेन्री ब्रँड परत आसनावर आला. एकेचाळीस तासांहून अधिक वेळ लोटला होता. चाललेलें भाषण थांबवून त्यानें एक लेखी निवेदन वाचलें. त्याचा आशय असा कीं, सभेची प्रतिष्ठा व अधिकार धोक्यांत आले आहेत, नेहमींचे नियम निरुपयोगी ठरले आहेत, आणि म्हणून यापुढें कोणासहि बोलण्यास न बोलावितां आपल्या जबाबदारीवर आपण प्रश्न मतास टाकीत आहों. आयरिश सभासद 'हक्क! हक्क!' असा पुकारा करीत बाहेर पडले. दुसऱ्याच दिवशीं नव्या खडाजंगींत ३६ आयरिश सभासद निलंबित झाले.

ब्रँडनें बरोबर केलें कीं चूक? येथें घाईनें निकाल देऊं नये. हा गृहस्थ पूर्वीं लिबरल पक्षाचा प्रतोद होता, म्हणजे पक्षाचे सभासद मतास हजर ठेवण्याचें काम त्याचें. आणि त्या दिवशीं सरकार लिबरल पक्षाचेंच होतें. आपण काय करणार हें त्यानें मुख्य प्रधान ग्लॅडस्टन याच्याशीं आधीं बोलून ठेविलें होतें. शिवाय ज्यांचीं तोंडें बंद झालीं त्यांच्याच देशबांधवांस चौकशीशिवाय तुरुंग मिळावयाचा होता. आयरिश माणसाच्या दृष्टीनें पाहिलें तर हा शुद्ध दांडगावा. उलट, मूठभर सभासद अखंड बोलत राहिले तर सभा कायमची मुकी होते, हेंहि नाकारतां येत नाहीं. ब्रँडच्या बाजूनें एक गोष्ट सांगतां येते, व आम्हांस ती वजनदार वाटते. मी नियमाबाहेर जात आहें हें त्यानें लपविलें नाहीं, आणि पुढें असें करण्याची पाळी येऊं नये म्हणून सभेनें स्वतःच नियम करावे, असें त्याच निवेदनांत सांगितलें. त्याप्रमाणें चर्चा बंद करण्याचा नियम १८८२ सालीं कायम झाला. आणि १८८७ सालीं त्यास जें रूप आलें त्यांत अशी अट पडली कीं, चर्चा बंद करण्याच्या सूचनेनें अल्पमताच्या हक्कांवर गदा येते असें अध्यक्षास वाटल्यास त्यानें ती सूचना मतासच टाकूं नये. ज्या नियमाचा जन्म अल्पमतास गप्प करण्यांत झाला, त्याच्याच पोटांत अल्पमताचें संरक्षण येऊन बसलें. आपल्या लोकसभेच्या नियमांतहि वाजवी चर्चेच्या हक्काचा भंग होत असल्यास अशी सूचना नाकारण्याचा अधिकार अध्यक्षांस दिलेला आहे.

हिंदुस्थानांत या आसनाचा कस प्रथम लागला तो विठ्ठलभाई पटेल यांच्या वेळीं. ते मुंबई इलाख्यांतील वकील, स्वराज्य पक्षाचे पुढारी, आणि सरकारास टोले देण्यांत मोठे पटाईत. ऑगस्ट १९२५ मध्यें मध्यवर्ती असेंब्लीनें त्यांस ५८ विरुद्ध ५६ मतांनीं अध्यक्ष निवडिलें. सभेनें निवडलेले ते पहिले हिंदी अध्यक्ष. अवघ्या दोन मतांनीं निवडून आलेला पक्षाभिमानी मनुष्य आसनावर बसल्यावर काय करील याची सरकारी बाकांस धास्ती वाटत असावी. यापुढें आपण कोणत्याहि एका पक्षाचे नसून सर्वांचे आहों, असें पटेलांनीं त्याच दिवशीं जाहीर केलें. पुढच्या असेंब्लीनें, म्हणजे १९२७ सालीं, त्यांस एकमतानें पुन्हा निवडिलें. दोन मतांचें अधिक्य एकमतावर गेलें, यांतच त्यांच्या कामाची पावती आहे.

१९२८ सालच्या सप्टेंबरांत सरकारचें सार्वजनिक सुरक्षिततेचें विधेयक आलें व दोन्हीं बाजूंस ६१ अशीं समसमान मतें पडलीं. निर्णायक मत अध्यक्षांचें. पटेलांनीं तें विधेयकाच्या विरुद्ध दिलें. पण त्याचें कारण त्यांनीं असें दिलें कीं, असा असाधारण कायदा ज्यास करावयाचा आहे त्यानें सभागृहांत स्वतःचें बहुमत मिळवावें, अध्यक्षाच्या मतावर विसंबूं नये. हें कारण पक्षाचें नव्हतें. कायदा आहे तसा राहूं द्यावा, नवा निर्णय अध्यक्षाच्या एका मतानें होऊं नये, हा कॉमन्स सभेंतील स्पीकर डेनिसन याच्या काळापासूनचा संकेतच त्यांनीं पाळला. मनांतून त्यांस विधेयक नकोच होतें, ही गोष्ट निराळी. न्यायाधीशाचा निकाल त्याच्या आवडीशीं जुळला म्हणजे तो अन्याय ठरत नाहीं. निकालामागील कारण दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या पक्षासहि लागू करण्याची त्याची तयारी आहे कीं नाहीं, एवढेंच पाहावयाचें.

दुसऱ्या वर्षीं तेंच विधेयक पुन्हा आलें. मार्च १९२९ मध्यें मीरत येथील कटाच्या खटल्यासाठीं धरपकड झाली होती. खटल्यांतील आरोप व विधेयकास दिलेलीं कारणें बहुतेक एकच. तेव्हां न्यायप्रविष्ट गोष्टीस स्पर्श केल्यावांचून विधेयकावर बोलणार कसें? म्हणून खटला संपेपर्यंत विधेयक थांबवा, नाहीं तर खटला काढून घ्या, असें पटेलांनीं सरकारास सुचविलें. सरकारानें तें मानिलें नाहीं. ८ एप्रिल रोजीं पटेल आपला निर्णय देणार तोंच प्रेक्षकांच्या सज्जांतून भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनीं बाँब टाकिले. त्या दिवसाच्या इतर कथा तुम्हांस इतिहासाच्या तासास ठाऊक होतात. आमच्या विषयापुरतें पाहावयाचें तें हें कीं, अशा धक्क्यानंतर सरकारच्या बाजूनें झुकण्यास पटेलांस उत्तम सबब मिळाली होती. तीन दिवसांनीं, ११ एप्रिल रोजीं, त्यांनीं ठरल्याप्रमाणें निर्णय दिला: विधेयकावरील सूचना नियमास धरून नाहीं. व्हाइसरॉयांनीं लगेच वटहुकूम काढून आपलें काम साधलें. म्हणजे पटेलांच्या निर्णयानें सरकारचा हात अडला असें नाहीं; परंतु जें सभागृहांत चर्चेवांचून होऊं नये तें सभागृहाच्या नांवावर झालें नाहीं. पटेलांनीं १९३० सालीं राजीनामा दिला. त्यापूर्वीं असेंब्लीची कचेरी सरकारी खात्यापासून वेगळी होऊन अध्यक्षांच्या हुकुमतीखालीं आली होती, आणि हाहि त्यांच्याच आग्रहाचा परिणाम. ज्याचे कारकून दुसऱ्याचे नोकर, त्याचा निर्णय स्वतःचा कसा राहावा?

पक्ष सोडावा कीं नाहीं, याविषयीं दोन देशांच्या चाली भिन्न आहेत. कॉमन्स सभेचा स्पीकर निवड होतांच पक्षाशीं असलेला संबंध तोडतो. आपल्या राज्यघटनेनें तशी सक्ती केलेली नाहीं. नीलम संजीव रेड्डी यांनीं १९६७ सालीं अध्यक्ष होतांच पक्षाचा राजीनामा दिला. तो धडा पुढें क्वचितच कोणी गिरविला. सोमनाथ चतर्जी यांनीं २००८ सालीं पक्षाच्या इच्छेप्रमाणें आसन सोडण्याचें नाकारिलें, तेव्हां पक्षानें त्यांस काढून टाकिलें. पक्षांतराविरुद्धच्या १९८५ सालच्या घटनादुरुस्तींत, अध्यक्षानें निवडीमुळें पक्ष सोडल्यास त्याचें सभासदत्व जाणार नाहीं, अशी मोकळीक मुद्दाम ठेविलेली आहे. दार उघडें आहे, जाणारे थोडे.

राहतां राहिला एक प्रश्न. अध्यक्षच पक्षपाती आहे असें सभासदांस वाटलें तर? स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्यावर हा प्रसंग आला. त्यांचें घराणें मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांतील, शिक्षण कांहीं काळ राजापुरास, वकिली अहमदाबादेस. १९३७ पासून मुंबईच्या विधानसभेचे, १९४६ पासून मध्यवर्ती असेंब्लीचे आणि १९५२ पासून लोकसभेचे ते अध्यक्ष. आपण मांडूं पाहतों त्या तहकुबीच्या सूचना अध्यक्ष वारंवार नाकारतात, अशी विरोधी सभासदांची तक्रार होती, आणि त्यांनीं त्यांस पदावरून दूर करण्याचा ठराव आणिला. १८ डिसेंबर १९५४ रोजीं तो चर्चेस आला. घटनेच्या ९६ व्या कलमाप्रमाणें अशा वेळीं अध्यक्ष स्वतः आसनावर बसूं शकत नाहीं. म्हणून उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार बसले. सरकारी पक्षाचें बहुमत इतकें मोठें होतें कीं ठराव पांच मिनिटांत चिरडून टाकतां आला असता. पंतप्रधान नेहरू यांनीं उलट असें सुचविलें कीं, चर्चेचा अधिक वेळ विरोधी पक्षासच द्यावा. ज्या आसनावर टीका होत होती त्याच आसनाच्या शिस्तींत ती टीका पुरतेपणीं ऐकून घेण्यांत आली, व नंतर मत घेऊन ठराव फेटाळण्यांत आला. मावळणकर आपल्या जागीं परत येऊन बसले, आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजीं निधन होईपर्यंत ते लोकसभेचे अध्यक्ष होते.